अमावस्येचं प्रस्थान

"उद्या? उद्या साक्षात यम न्यायला आला तरी मी त्याला सांगेन, बाबा रे, सोमवारी ये," आबाशास्त्री मुळ्ये म्हणाले, आणि हातातली तार त्यांनी उलटी करून पाहिली. मागच्या बाजूला एखादा बरा मजकूर सापडेल, अशी त्यांना आशा असावी.

तार साताऱ्याहून आली होती. आमच्या ज्योतिष सभेचं अधिवेशन तिथे सोमवारी भरायचं होतं आणि त्याच दिवशी दुपारी सुभद्राकाकू टेंबे यांची तोंडी परीक्षा होती. तारेत सभेचे सेक्रेटरी वामनराव जठार यांनी एवढंच कळवलं होतं: परीक्षा सोमवारऐवजी शनिवारी सकाळी दहाला. म्हणजे उद्या. आणि फलटणात तेव्हा शुक्रवारची दुपार कलली होती.

"सभागृह मिळालं नसेल," मी म्हणालो.

"सभागृह!" आबांचा आवाज असा की ते ओसरीवर खाकरले तर मागच्या आळीतल्या गाई दूध चोरायच्या. "अरे नरहऱ्या, उद्या काय आहे ते पंचांगात बघ. अमावस्या. वर शनिवार. फलटणातला एक ज्योतिषी उद्या उंबरा ओलांडायचा नाही, हे त्या जठाराला पक्कं ठाऊक आहे. हजेरी नाही, की अर्ज बाद. आणि आपल्या सभेत एकदा बाद झालेला अर्ज पुन्हा करता येत नाही. कळलं का सभागृह कुठे गेलं ते?"

कळलं. सुभद्राकाकूंचे यजमान वासुदेव टेंबे मास्तर जाऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. काकू चाळिशीच्या, कपाळ मोकळं, तोंड मात्र मुळीच बंद नाही. ज्योतिष त्या माहेरी वडिलांकडे शिकल्या होत्या. गावातली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली, पण लोक यायचे मागच्या दाराने, आणि पत्रिकेखाली सही लागायची एखाद्या पुरुषाची. बहुतेक वेळा माझी. मी तेव्हा तिशीचा होतो आणि माझी सही फार सुरेख होती. ज्योतिष त्यामानाने बेताचं. काकूंना स्वतःच्या नावाने सही करायची होती, स्वतःच्या दारावर पाटी लावायची होती. त्यासाठी सभेचं प्रमाणपत्र हवं. आणि परीक्षेच्या वेळी सभेच्या दोन सभासदांनी जातीने उभं राहून "आमची शिफारस आहे" असं म्हणायला हवं. एक सभासद मी. दुसरे आबा.

आबांनी शिफारस कबूल केली ती काकूंच्या प्रेमापोटी नव्हे. जठारांनी एकदा भर सभेत आबांच्या गणिताला बैलगाडीचं गणित म्हटलं होतं. तेव्हापासून जठार पूर्व म्हणाले की आबा पश्चिम म्हणायचे. जठार म्हणाले होते, "जिला स्वतःचं सौभाग्य राखता आलं नाही, तिने लोकांची लग्नं जुळवायची?" तेवढ्यावर आबा काकूंच्या बाजूला आले.

"म्हणजे जठार जिंकले," मी म्हणालो.

आबा पंचांग ओढून पानं उलटायला लागले. बोटं मोडली, काहीतरी पुटपुटले.

"आज दिवेलागणीच्या आधी वेळ चांगली आहे," ते म्हणाले. "प्रस्थान ठेवू."

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाईट दिवशी प्रवासाला निघायची वेळ आली, तर आदल्या चांगल्या मुहूर्तावर आपलं थोडं सामान, एक नारळ, सुपारी असं उपरण्यात बांधून वाटेवरच्या एखाद्या घरी ठेवायचं. ते प्रस्थान. सामान निघालं, म्हणजे माणूस निघाला. मग प्रत्यक्ष देह दुसऱ्या दिवशी अमावस्येला हलला तरी चालतो. फक्त ते गाठोडं स्वतःच्या हाताने उचलायचं, आणि एकदा उचललं की माघारी फिरायचं नाही.

"आणि हे बघ," आबा पगडी आणि कोट उपरण्यात बांधत म्हणाले, "सुभद्रा दुसऱ्या गाडीने येईल. निघताना मला तिचं तोंड दिसता कामा नये. जठाराची जिरवायची म्हणून मी माझी यात्रा नासवून घेणार नाही. समोर विधवा आली की काय होतं, ते मी तुला सांगायला नको."

"सकाळी एकच गाडी आहे, आबा. दुसरी पोचेपर्यंत परीक्षा आटपलेली असेल."

"तो तुझा प्रश्न."

"बरं. गाठोडं कुठे ठेवू?"

"स्टँडच्या वाटेवर. चांगलं सोवळ्याओवळ्याचं घर बघ. कोणाच्याही दारात टाकशील."

मी गाठोडं उचललं. स्टँडच्या वाटेवर सोवळ्याओवळ्याची घरं चार होती. त्यातलं सगळ्यात सोवळं, अगदी शेवटचं, म्हणजे टेंब्यांचं. आबांनी घर चांगलं बघ म्हटलं होतं, कोणाचं ते विचारलं नव्हतं.

काकू अंगणात तांदूळ पाखडत होत्या. तारेचं त्यांना सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मुद्दाम केलं मेल्याने."

"मुद्दामच. आबा तयार आहेत. हे त्यांचं प्रस्थान."

काकूंनी गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इथे? आबाशास्त्र्यांचं प्रस्थान माझ्या घरी? नरहरी, दुपारी भांग घेतलीस का?"

"त्यांनी सांगितलं, सोवळं घर बघ."

"त्यांना ठाऊक आहे?"

"सकाळी होईल."

काकू हसल्या नाहीत. सुपातल्या तांदळांवरून हात फिरवत राहिल्या. "मी पहाटे मागच्या खोलीत थांबते," त्या म्हणाल्या. "तुम्ही गाठोडं उचलून पुढे व्हा. मी गाडीत मागच्या बाकावर तोंड झाकून बसेन. कसंही करून मला तिथे पोचायचंय."

"तोंड झाकून परीक्षेला बसणार का?"

काकूंनी गाठोडं घेतलं आणि देव्हाऱ्याशेजारी पाटावर नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी आबांना घेऊन निघालो. त्यांच्या अंगात नुसती बंडी, डोक्याला टापशी, कारण कोट आणि पगडी गाठोड्यात. एकेक घर मागे पडायला लागलं तसे आबा कावरेबावरे झाले.

"पाटणकरांकडे नाही ठेवलंस?"

"नाही."

"गोसाव्यांकडे?"

"त्यांच्याकडे कोंबड्या आहेत, आबा."

"मग पुढे तर फक्त—" आणि आबा थबकले.

टेंब्यांचं दार उघडलं. मला वाटलं होतं, दार उघडं असेल आणि आत कोणी नसेल. पण काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. धुवट पातळ, पदर खांद्यावर, चेहरा उघडा. दोन्ही तळहातांवर गाठोडं. सगळी रात्र त्यांनी कशी काढली मला माहीत नाही, पण मागच्या खोलीत थांबणाऱ्या बाईचा तो चेहरा नव्हता.

आबांनी गच्च डोळे मिटले.

"नरहऱ्या! हे कोणाचं घर?"

"डोळे उघडून बघा की."

"उघडणार नाही! मला काही दिसलेलं नाही! मी कोणाला पाहिलेलं नाही!"

"शास्त्रीबुवा," काकू शांतपणे म्हणाल्या, "गाठोडं तुमच्या हाताने घ्यायचंय. की प्रस्थान मोडून घरी जाताय? जठार खूश होतील."

जठारांचं नाव निघालं आणि आबांचे हात आपोआप पुढे आले. डोळे मात्र मिटलेलेच. गाठोडं छातीशी धरून ते म्हणाले, "चल, हाताला धर. समोर गाय दिसली की सांग. गाय बघूनच डोळे उघडीन."

त्या दिवशी फलटणात एकही गाय दिसली नाही. म्हणजे दोन दिसल्या, पण मी सांगितलं नाही.

एसटी स्टँडवर मी पुढे, माझा हात धरून डोळे मिटलेले आबा आणि मागे काकू, अशी आमची वरात आली. कंडक्टर कळवळला. "आजोबांना कधीपासून दिसत नाही?" त्याने विचारलं.

"आजच सकाळपासून," मी म्हणालो. ते खरंच होतं.

त्याने दोन माणसांना उठवून आबांना पुढचा बाक दिला. एका बाईने त्यांच्या हातात केळं ठेवलं. शेजारच्या बाकावरच्या पैलवानाने त्यांना डोळ्यांच्या औषधाचा एक पाला सांगितला, आणि तो चावून कसा घालायचा तेही. आबा रागाने लालबुंद, पण केळं खाल्लं. काकू त्यांच्याच मागच्या बाकावर बसल्या. दुसरी जागाच नव्हती.

आदर्कीच्या घाटाला गाडी लागली. वर चढता चढता एकदम धाडकन आवाज आला, गाडी डुगडुगली आणि थांबली. मागचं टायर फुटलं होतं. तो आवाज असा होता की पलीकडच्या डोंगरावर एक मेंढपाळ पाठीवर पडला, असं लोक अजून सांगतात. निदान मी तरी सांगतो.

"बघितलंस!" आबा डोळे मिटूनच गरजले. "बघितलंस नरहऱ्या! म्हणालो नव्हतो? निघताना समोर कोण आलं होतं? झाला का अपशकुन?"

गाडीतली माणसं वळून काकूंकडे बघायला लागली. कपाळ मोकळं आहे, हे त्यांना आता दिसलं. ज्या बाईने केळं दिलं होतं, तिने पदर सावरून घेतला. ड्रायव्हर खाली उतरता उतरता थांबला. मला पहिल्यांदाच वाटलं, की आपण जरा जास्तच मजा केली.

काकू उठून उभ्या राहिल्या.

"शास्त्रीबुवा, तुम्ही मला पाहिलंत का?"

"नाही! मुळीच नाही!"

"मग अपशकुन झाला कोणाला? ड्रायव्हरला?"

"मला ओढू नका बाई यात," ड्रायव्हर म्हणाला. "ते टायर वाठारच्या डेपोनेच टाकून दिलेलं होतं."

गाडी हसली. आबा हसले नाहीत. "शब्दांत पकडू नकोस, सुभद्रे. मी डोळे मिटायच्या आधी पुसटशी दिसली होतीस तू. पुसट का होईना, निघताना विधवा दिसली. शास्त्र आहे."

"निघताना?" काकू म्हणाल्या. "तुम्ही कधी निघालात?"

"आज सकाळी. आणखी कधी?"

"मग प्रस्थान कशाला ठेवलंत?"

आबांचं तोंड उघडं राहिलं. डोळे मिटलेलेच.

"प्रस्थान ठेवलं की यात्रा सुरू झाली, हे शास्त्र. बरोबर? तुमचं प्रस्थान काल दिवेलागणीच्या आधी तुमच्या घरातून बाहेर पडलं. म्हणजे तुम्ही काल निघालात. तेव्हा मी तुमच्यासमोर नव्हते. मी अंगणात तांदूळ पाखडत होते. आज सकाळी मी दिसले ती वाटेत दिसले. आणि वाटेत दिसणारी माणसं शकुनात धरत नाहीत. धरली असती, तर माणूस गावाबाहेर पडलाच नसता."

"धरतात!"

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलंय! अमुक ठिकाणी... थांब... प्रस्थानानंतर ग्रामसीमेपर्यंत..." आबा पुढे वाकले, हात वर, बोट रोखलेलं. "नाही, ते राजाच्या स्वारीला लागू... सामान्य माणसाला... पण तू म्हणतेस तसं मानलं, तर आज निघताना समोर गाय दिसली असती, तीही फुकट जाईल, तेही चालेल का तुला?"

"चालेल की. फुकट जाऊ दे गाय."

"अगं पण गाय फुकट कशी जाऊ देतेस!" आबा ओरडले आणि मागे वळून काकूंच्या तोंडाकडे बघत त्यांच्याशी भांडायला लागले.

डोळे सताड उघडे. त्यांना स्वतःला कळलंच नाही. कंडक्टर म्हणाला, "अरे, आजोबांना दिसायला लागलं!" आणि मागच्या बाकावरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पैलवानाला वाटलं, नुसतं पाल्याचं नाव ऐकून गुण आला.

आबांना कळलं तेव्हा त्यांनी पुन्हा डोळे मिटायला घेतले.

"नका मिटू," काकू म्हणाल्या. "मिटलेले होते तेव्हाच टायर गेलं."

आबांनी थोडा विचार केला आणि डोळे उघडे ठेवले. टायर बदललं, गाडी घाट चढली, साताऱ्यापर्यंत दोघं भांडत राहिले. वाठार आलं कधी आणि गेलं कधी, मला कळलं नाही. एवढं ऐकलं, की साताऱ्याच्या वेशीवर आबा म्हणाले, "हा मुद्दा टेंबे मास्तरांना सुचला नसता." आणि काकू म्हणाल्या, "त्यांनीच शिकवलंय मला वाद घालायला. ज्योतिषावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता."

सभागृहात पोचलो तर मंचावर जठार, आणि खाली दोन म्हातारे साताऱ्याचेच सभासद. बाकी सतरंजी मोकळी. जठार उंच, नीटनेटके, प्रत्येक बोटात एकेका ग्रहाची अंगठी. समोर दौत, हातात टाक. गैरहजेरी मांडायच्या बेतात होते.

आम्हाला बघून टाक थांबला.

"अमावस्येला आलात?" जठार म्हणाले.

"तूच बोलावलंस," आबा म्हणाले. पगडी आता डोक्यावर होती. "आम्ही काय, आज्ञाधारक माणसं."

जठारांनी घसा साफ केला. "पण परीक्षक नाहीत. दोघं वाईहून यायचे होते, एक कऱ्हाडहून. अमावस्या म्हणून कोणीच निघालं नाही. सोमवारी उद्घाटनाच्या गडबडीत वेळ नाही. तेव्हा परीक्षा आता पुढच्या अधिवेशनात घेऊ."

मला हसू आवरेना. आम्हाला अडवायला खोदलेल्या खड्ड्यात सगळे परीक्षक पडले होते.

"पुढचं अधिवेशन पुढच्या वर्षी," मी म्हणालो.

"नियमाला माझा इलाज नाही."

"नियम मी लिहिलेत," आबा म्हणाले. "तू तेव्हा शाळेत मार खात होतास. परीक्षक आले नाहीत, तर हजर असलेल्या पाच सभासदांनी परीक्षा घ्यावी. मोज. तू एक. हे दोन म्हातारे. नरहऱ्या. मी. झाले पाच." आणि आबा पुढच्या सतरंजीवर मांडी ठोकून बसले. "सुभद्रे, ये समोर."

आबांनी आम्हाला काहीच विचारू दिलं नाही. शिफारस केली म्हणून सोपं विचारतील असं मला वाटलं होतं. उलट त्यांनी काकूंना पिळून काढलं. ग्रहणं, दशा, विवाहमेलन, मुहूर्त. काकू उत्तरं देत होत्या. एका प्रश्नाला मात्र त्या थांबल्या, आणि म्हणाल्या, "हे मला येत नाही."

"येत नाही?" आबा म्हणाले. "या सभेत बत्तीस वर्षं परीक्षा घेतोय. हे उत्तर कोणी दिलं नव्हतं." आणि मान हलवून पुढचा प्रश्न विचारला.

शेवटी जठार म्हणाले, "मला एकच विचारायचंय." आणि आवाज मधाळ केला. "बाई, एवढं सगळं येतं तुम्हाला, तर स्वतःच्या यजमानांचं मरण पत्रिकेत दिसलं नाही का?"

एक म्हातारा म्हणाला, "जठार, हे बरं नव्हे."

"दिसलं होतं," काकू म्हणाल्या.

त्या जठारांकडे सरळ बघत होत्या.

"तीन महिने आधी दिसलं होतं. दोनदा गणित मांडलं, तिसऱ्यांदा मांडलं. मग त्यांना सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, असं होय, मग आज पोहे कर, कांदा जास्त घाल. रोज मला हाक मारून म्हणायचे, सुभद्रे, आहे हं मी अजून. तीन महिन्यांत आम्ही जितकं बोललो, तितकं सोळा वर्षांत बोललो नव्हतो. जोतिबाला जाऊन आलो. मुलीचं लग्न कुठे करायचं ते ठरवलं. न दिसतं, तर हे काही झालं नसतं. लोकांना मरण टाळणारा ज्योतिषी हवा असतो, वामनराव. तो मी नाही. तुम्हीही नाही."

आबांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. "माझं मत देतो," ते म्हणाले. "उत्तीर्ण." मी हात वर केला. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघून हात वर केले. जठारांचा हात टेबलावरच राहिला, पण चार पुरे होते.

"ठीक आहे," जठार उठत म्हणाले. "झालात उत्तीर्ण. प्रमाणपत्रावर सही मात्र आज होणार नाही. अमावस्येला सही करणं शोभत नाही. तिथी बघून, वेळ बघून, सवडीने टपालाने पाठवीन." सवडीने हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की त्यात दहा वर्षं मावली असती.

मी तोंड उघडलं, पण काकूंनी हाताने मला गप्प केलं. मंचाखाली, दारासमोर एक खुर्ची होती. ती त्यांनी दाराच्या अगदी तोंडाशी ओढून आणली आणि तिच्यात बसल्या.

"हे काय?" जठार म्हणाले.

"थांबते. चांगली तिथी येईपर्यंत. सोमवारी उद्घाटनाला पाहुणे यायचेत ना? मंत्री, की कोण? ते या दारानेच येतील. समोर पहिली मी दिसेन." त्यांनी पदर नीट केला. "मला काही घाई नाही."

"बाई, तुम्ही— दोन दिवस इथे? लोक काय म्हणतील?"

"लोक विचारतील, ही कोण. मी सांगेन."

जठारांनी आबांकडे पाहिलं. आबांनी छताकडे पाहिलं. जठारांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून अडकित्ता काढून सुपारी कातरायला लागलो. मग त्यांनी त्या दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं, तर ते काकूंना पाणी द्यायला उठले होते.

जठार परत टेबलापाशी गेले. खणातून छापील प्रमाणपत्र काढलं, नाव घातलं, सही केली. कागद त्यांनी काकूंसमोर धरला.

काकूंनी तो हातात घेतला नाही. आधी वरपासून खालपर्यंत वाचला.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.

जठारांनी तारीख घातली.

"तिथीही घाला, वामनराव. अमावस्या. पूर्ण अक्षरांत."